भिंतीवरचा कागद

इंदूर, ४ मार्च १९९३

ती. धम्मदीनाताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

मिल बंद होऊन वर्ष झालं. दर सोमवारी मी कामगारांची गाऱ्हाणी हाताने लिहिलेला कागद गेटशेजारच्या भिंतीला चिकटवतो, हे तुला ठाऊकच आहे. या सोमवारचा बकरीने खाल्ला. तेवढीच एक वाचक! आई म्हणते, पोळ्यांचा आटा खळीसाठी शिजवून भिंतीला कशाला चाटवतोस? खरंच आहे. पन्नास कागदांनी एक लूम हललं नाही. आमच्यातले कितीतरी जण सराफ्यातल्या खाण्याच्या ठेल्यांवर कढया घासतात. मी थकलो, ताई. लिहिणं बंद करतोय. रागावू नकोस, माया असू दे.

तुझा,
अश्वजित

नागपूर, १२ मार्च

चि. अश्वजितास,
जयभीम आणि अ. आ.

बकरीला शाबासकी सांग. माझ्या वर्गातल्या मुली इतक्या आवडीने धडा घेत नाहीत. थांबायचं तर थांब. लिहून काय बदलतं, हे मलाही आता छातीठोकपणे सांगता येत नाही. पण बाबांचं तू कधी लिहिलंच नाहीस. विणखात्यात मागाच्या धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागायचं. आपल्या माणसाने तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालायचा नाही, म्हणून बाबा जन्मभर कमी पगाराच्या सूतखात्यात राहिले. त्यांनी बदलीचा अर्ज केला, तर विणकरांनी विरोधात सह्या केल्या. एवढा एक कागद लाव, मग खुशाल पेन मोड. आईच्या गुडघ्यांना तेल चोळत जा. जीव लागून राहतो.

तुझी,
ताई

इंदूर, २५ मार्च

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

सोमवारी लावला. मंगळवारी पाहतो तर खाली पेन्सिलीने कोणी लिहिलेलं, की त्या सह्यांत पहिली माझी होती. पुढे नाव: तुकोजी, विणखातं. काल ते म्हातारे पत्ता विचारत बडा गणपती भागातून पायी घरी आले आणि धोंडिबाजींना भेटायचंय म्हणाले. बाबा गेल्याचं मी कागदात लिहिलंच नव्हतं! चार वर्षं झाली हे ऐकून ते उंबऱ्यातच बसले. आईकडे माफी मागू लागले. आईने साफ सांगितलं की ज्यांची मागायची ते गेले, त्यांच्या वाटची मी कशी देऊ? मग चहा दिला. मला त्यांचा राग आला, आणि रडूही.

मिल बंदच आहे. पण आज सकाळी आईने स्वतः खळ शिजवली. म्हणाली, तुझे बाबा गेले हेही लिही. सह्या करणारे अजून बरेच जिवंत आहेत, त्यांना कळू दे की उशीर झालाय.

कागद संपलेत. मायेबरोबर तेही पाठव.

तुझा,
अश्वजित