गाणारा दगड

मंगळवार, ३ फेब्रुवारी

— रिमोट अमृतच्या तोंडातून ओढून काढला, लेंग्याला पुसला, बटण दाबलं. शेळी पडद्यावर आली. अमृत आणि संस्कृती माझ्या दोन बाजूंना येऊन बसली. मी पाठीमागं उशी घेतली.

शनिवारी ऑपरेशन झालं. स्वरयंत्रावर गाठी. साध्याच आहेत, डॉक्टर म्हणाले. वर्गात वर्षानुवर्षं ओरडल्याच्या. तपासणी होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही.

रोज संध्याकाळी मी मुलांना पुस्तक वाचून दाखवत असे. आता तीच पुस्तकं टीव्हीवर. कुणीतरी चित्रं हलती केली आहेत. मागं एका बाईचा गोड आवाज. फार गोड.

वैजयंतीची बँक श्रीपूरला, ती राहतेही तिथंच. साखर कारखान्याचा हंगाम चालू आहे, बँकेत गर्दी; तिला एका दिवसापुरतीच रजा मिळाली. फोनवर आमचं ठरलं आहे — मी फोनच्या पाठीवर एकदा टकटक केलं की हो, दोनदा केलं की नाही.

'जेवलात?' टक.

'दुखतंय?' टक, टक.

'लग्न झाल्यापासून माझं वाक्य पहिल्यांदाच पुरं होतंय,' म्हणाली.

यावर काय वाजवायचं ते ठरलेलं नव्हतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

शेळीचं पुस्तक जुनं, परदेशी. आमची प्रत मराठी, कडा कुरतडलेली. शेळीला दुपारी झोपायचं आहे. गळ्यातली घंटा कुणाकडे तरी ठेवायची आहे. विहीर म्हणते, माझ्यात जागा नाही, माझ्यात पाणी आहे. झाड म्हणतं, माझ्यावर पाखरं आहेत. कणगी म्हणते, माझ्यात दाणे आहेत. शेवटी दगड. त्या पानावर एकही अक्षर नाही. शेळी दगडावर घंटा ठेवते आणि झोपते.

अमृत सव्वातीन वर्षांचा. उशिरा बोलायला लागला. त्याचे निम्मे शब्द या पुस्तकातले. 'माझ्यात —' म्हणून मी थांबायचो. तो तोंड उघडायचा, जीभ शोधायचा, मग 'पाणी'. किती वेळ लागला तरी मी थांबायचो. वाचनातलं माझं काम तेवढंच होतं.

व्हिडिओ थांबत नाही. आज त्यानं तोंड उघडलं तोवर बाईचं 'पाणी' म्हणून झालं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. झाडाच्या वेळी पुन्हा तसंच. कणगीच्या वेळी तोंड उघडलं नाही.

व्हिडिओत दगड गातो. त्याला डोळे आहेत. शेळी नाचते.

संस्कृती म्हणाली, 'बाबा, हा दगड लई भारी आहे की.' ती सहा वर्षांची, तिच्याशी वाद घालता येतो. पण आत्ता नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

'माझ्यात' या शब्दावर व्हिडिओ थांबवून पाहिला. बोट उशिरा पडतं. 'माझ्यात पा —' मागं नेलं. पुन्हा 'पा —'. अमृत हसला. चौथ्यांदा त्यानं रिमोट ओढून घेतला. संस्कृती म्हणाली, 'बाबा, लावा ना सरळ.'

सरळ लावला.

तानाबाई कुंभारीहून येते, स्वयंपाक करते, अमृतला बालवाडीतून आणते. दारातूनच सुरू होते. 'सर, बोला की. भाजी काय करू? अगं बाई, बोलू नका, बोलू नका. मीच ठरविते.' हे रोज. रोज तितकीच घाबरते.

उद्या बँक चालू, शिवाय ऑडिट. वैजयंती येणार नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

चार व्हिडिओ. मधल्या एकात मला झोप लागली. जागा झालो तेव्हा दोघं तशीच बसलेली. कुणी काही मागितलं नव्हतं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

तपासणी.

'आ म्हणा सर.' म्हणालो. पोतं ओढल्यासारखा आवाज आला.

'छान. येईल हळूहळू. पूर्वीसारखा कदाचित नाही येणार. घरात बोला, मुलांना थोडं वाचून दाखवा. वर्ग पुढच्या महिन्यात.'

मान हलवली. बाहेर आलो.

रिक्षावाल्यानं विचारलं, 'कुटं जायचं?' मी पाकिटातलं पत्त्याचं कार्ड दाखवलं. जुळे सोलापूर. त्यानं एकदा माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या वाटेत काही विचारलं नाही. भाड्याचीही घासाघीस नाही.

घरी संस्कृती दारात. 'डॉक्टर काय म्हणाले?'

मी ओठांवर बोट ठेवलं.

वैजयंतीला मेसेज केला — अजून काही दिवस.

हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही. झोप येते आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

न बोलणारा माणूस किती हलका असतो. विभागप्रमुखांचा फोन आला. उचलला नाही, कुणाला वाईट वाटलं नाही. खालच्या मजल्यावरचे रामहरी काका पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन आले, माझ्याकडे पाहून स्वतःच उत्तर देऊन गेले. 'तुम्हाला काय त्रास द्यायचा.' मुलं भांडली, मी दोघांकडे नुसतं पाहिलं, मिटलं.

वीस वर्षं समजावून सांगतो आहे. वर्गात, घरात, स्टाफरूममध्ये. कुणीही मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. आता एका डॉक्टरनं सांगितलं, आणि सांगून परतही घेतलं.

शब्द नसलेल्या त्या पानाबद्दल मी एकदा वर्गात तासभर बोललो होतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

तीन व्हिडिओ. दगड गायला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

तानाबाई आली नाही, म्हणून अमृतला आणायला मी गेलो. शबाना टीचरनी थांबवलं.

'सर, तुम्ही बोलू नका, मीच बोलते. अमृतचं काय झालंय हो? आधी दोनचार शब्द तरी बोलायचा की. आता काहीच नाही. पाणी पाहिजे का विचारलं, तर बाकावर टकटक करतो. एकदा केलं की पाहिजे. दोनदा केलं की नको. पोरं आधी हसली. आता सगळा वर्गच टकटक करतो. मला वाटलं, गड्ड्याच्या जत्रेतून कुठला खेळ आणला काय पोरानं.' त्या हसल्या, मग थांबल्या. 'हसायचं नाही, माहितीये. या वयात गप्प व्हायला लागलं की अवघड असतं. आठवडाभर बघते मी. घरी कुणी असं करतं का?'

मी टेबलावर एकदा टकटक केलं.

मग हात खिशात घातला.

तिथंच बोलता आलं असतं. आवाज होता. 'मी करतो, आणि आता कारण उरलेलं नाही' — एवढंच वाक्य. घरापर्यंत अमृतचं बोट धरून चाललो. त्याला कडेवर यायचं होतं. त्यानं माझ्या मांडीवर एकदा टकटक केलं.

उचलून घेतलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

संध्याकाळी टीव्ही लावला नाही. पुस्तक काढलं. म्हणालो, 'या.'

संस्कृती किंचाळली. 'बाबा, बोलू नका, डॉक्टर रागावतील.'

'परवानगी आहे.'

'कधीपासून?'

'सोमवारपासून.'

तिनं बोटांवर दिवस मोजले. 'मग बोलला का नाही?'

'दमलो होतो.'

'आम्ही पण दमतो की.'

अमृत टीव्हीच्या मागं जाऊन पाहत होता, हा माणूस कुठून बोलतो आहे. माझ्याकडे आला नाही. संस्कृतीला चिकटून बसला. तिनं त्याला सांगितलं, 'बाबाच आहेत, आवाज खराब झालाय.'

वाचलं. खरखरीत, मध्ये मध्ये हवाच. 'विहीर म्हणाली, माझ्यात जागा नाही. माझ्यात —'

थांबलो.

अमृतनं काळ्या पडद्याकडे पाहिलं. तिकडून कुणी बोललं नाही. संस्कृतीनं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. अमृतनं फरशीवर एकदा टकटक केलं. मी थांबून राहिलो. त्यानं पुन्हा केलं, जोरात. खाली भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

शेवटी पान उलटलं. मीच. 'पाणी' न म्हणता.

झाडाला तसंच. कणगीला तसंच. दगडाच्या पानावर अमृतनं गाण्याची वाट पाहिली. पुस्तकाला कान लावला. तसाच झोपला.

तो नाही बोलला, तर वैजयंतीला काय सांगायचं? उद्या दुसरा शनिवार. ती येणार.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सकाळी तानाबाईनं दुधाचा पेला अमृतपुढं धरला. टकटक न करता तो 'नको' म्हणाला. तिनं पुन्हा धरला, पुन्हा म्हणाला. वैजयंतीला फोन केला. ती एसटीत होती. 'कोण बोलतंय?' तिनं विचारलं. मी सांगितलं. सोमवारपासूनचंही.