टोर्सनेसची शाळा आणि सोल्वेगची डॉक्टरकी

ब्रेंडल, मोंटाना
१६ ऑक्टोबर

प्रिय मारितताईस,
सोल्वेगचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागलं की आपलं भांडण होतं, म्हणून पत्र. गुडघे कसे आहेत? शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी असतेस, तेव्हा मी दिलेले जाड तळव्यांचे बूट घालतेस, की ते अजून खोक्यातच आहेत?

माझी डॉक्टरेट आता प्रबंधापर्यंत येऊन ठेपली. दिवसा मुख्याध्यापिका, संध्याकाळी विद्यार्थिनी. विद्यापीठ कुठे दोन राज्यांपलीकडे आहे, मी ते पाहिलेलंसुद्धा नाही. वर्ग भरतो तो पडद्यावरच्या चौकोनांत. वारा सुटला की घरचं इंटरनेट जातं, मग मी गाडी काढते, वाचनालयाच्या मागे लावते आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते. माझ्या मार्गदर्शक डॉक्टर बेट्स परवा म्हणाल्या, की तुझ्या खांद्यावरून गेलाय तो गाडीचा पट्टा आहे का.

हे सगळं कशासाठी, असं तू दर वेळी विचारतेस. आमचे अधीक्षक उन्हाळ्यात निवृत्त होतायत. इथल्या सगळ्या शाळांचं बरंवाईट त्या एका खुर्चीतून ठरतं. आजवर तिथे बाहेरची माणसं आली, एकदोन हिवाळे काढून निघून गेली. या वेळी शिक्षण मंडळाला डॉक्टरेट केलेलं माणूस हवंय. ते मी असावं, म्हणजे तुझ्या टोर्सनेससारख्या चिमुकल्या शाळांना कुणी वाली राहील.

एक काम कर. तुमच्या पलीकडच्या खोऱ्यातली शाळा बंद झाल्यापासून तिथली मुलं बसने इथवर येतात. तोच माझा विषय. त्यांच्या आया मुख्याध्यापिकेशी बोलायच्या नाहीत, पण तुमच्याच चर्चला येतात, तुझ्याशी बोलतील.

तुझी माया आहे म्हणून हक्काने मागते.
तुझी,
सोल्वेग


टोर्सनेस
९ नोव्हेंबर

चि. सोल्वेगबाई, होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाई, यांस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

बूट खोक्यात आहेत. सुखरूप आहेत.

आजारी माणसाला साधी गोळी देता येत नाही, अशी कसली ही डॉक्टरकी, असं मी शेजारणीला म्हटलं. ती म्हणाली, निदान कुणी मरणार तरी नाही. असो.

बायका आल्या होत्या. मी बटाट्याच्या पोळ्या लाटल्या, कॉफी ठेवली आणि तू पाठवलेला तो रेकॉर्डर साखरेच्या डब्याला टेकवला. आधी सगळ्या त्याच्याकडे विंचवाकडे बघावं तशा बघत होत्या. मग रीना स्कारने तोंड उघडलं. तिची पोरं बसमध्ये झोपतात, म्हणून रात्री झोपत नाहीत, सकाळी उठत नाहीत, आणि धाकटा आता शाळेचं नाव काढलं की ओकतो. ती बोलली आणि मग सगळ्याच बोलल्या.

एक लक्षात ठेव. त्या तुझ्या विद्यापीठासाठी नाही बोलल्या, माझ्या भरवशावर बोलल्या. मला याच गावात राहायचंय.

जेवत जा. फोटोत बघूनच समजतं, गालफडं बसलीत.
तुझी ताई,
मारित


ब्रेंडल
१२ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. प्रबंध तिसऱ्यांदा परत आला होता. केस गळतायत, रात्रीचं जेवण म्हणजे वाटीत दूध आणि कॉर्नफ्लेक्स, तेही सिंकपाशी उभ्यानेच. पण शेवटचं प्रकरण झालं!

मोठ्या शाळेत मुलांना जास्त विषय शिकायला मिळतात, हे खरं निघालं. पण तासाहून लांबचा प्रवास असेल, तर मिळालेलं सगळं त्या बसमध्येच वाया जातं, हेही निघालं. रीनाचं नाव कुठेही नाही, काळजी करू नकोस.

मंडळाचे अध्यक्ष पर्सेल यांनी कच्चा मसुदा वाचायला मागितला. शाळांची माहिती वापरायची परवानगी मंडळानेच दिलेली, नाही कशी म्हणणार? दिला. वाचून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, की उन्हाळ्यात आपल्याला बाहेर शोधायला जावं लागेलसं दिसत नाही. मी गाडीत येऊन एकटीच हसले.

आठवण ठेव.
सोल्वेग


टोर्सनेस
८ मार्च

सोल्वेग,

काल आमच्या चर्चच्या तळघरात मंडळाची सभा झाली. पर्सेल उभा राहिला आणि म्हणाला, की मोठ्या शाळेत मुलांचा फायदा होतो, हे आपल्याच मुख्याध्यापिका सोल्वेग त्वेतेन यांच्या अभ्यासातून सिद्ध झालंय, आणि ही तर याच गावची लेक. म्हणून टोर्सनेसची शाळा या उन्हाळ्यापासून बंद करावी. मतदान पुढच्या महिन्यात.

सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. रीनाने हातातला कप खाली ठेवला आणि कोट घातला. मी कॉफीची किटली उचलून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

माझी नोकरी जाईल त्याचं मला काही नाही. पण त्या बायकांना माझ्या टेबलाशी मी बसवलं होतं.

सध्या पत्र पाठवू नकोस.
मारित


ब्रेंडल
१३ मार्च

प्रिय ताईस,

नको म्हणालीस तरी लिहितेय. फाडण्याआधी वाच.

पर्सेलने अर्धंच वाचलं. प्रवासाचं वाक्य त्याच्या पुढचंच आहे. मी त्याच्या कार्यालयात गेले, ते पान टेबलावर ठेवलं. तो शांतपणे म्हणाला, की अभ्यासातून काय घ्यायचं हे मंडळ ठरवतं. मतदानाच्या दिवशी मी उभं राहून पाठिंबा द्यायचा, मग खुर्ची माझीच. विरोधात बोलले, तर माहिती वापरायची परवानगी मंडळ काढून घेईल.

डॉक्टर बेट्सना विचारलं. त्या म्हणाल्या, की परवानगी गेली तर त्यातलं एक पानही वापरता येणार नाही. चार वर्षं, ताई. आईच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा तिच्या खाटेशी बसून मी निबंध टंकत होते.

रोज स्वतःला समजावते, की आत्ता गप्प बसावं, खुर्ची मिळवावी, मग बाकीच्या शाळा तरी वाचवता येतील. रोज ते थोडं कमी पटतं. आज मधल्या सुट्टीत सामानाच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून रडले. बाहेर मुलं खेळत होती. दार वाजलं तेव्हा डोळे पुसून, शिंका येतायत असं सांगितलं.

मला काही सुचत नाही. शिव्या दे, पण लिही.
सोल्वेग


टोर्सनेस
२३ एप्रिल

प्रिय सोल्वेग,
आशीर्वाद.

मी लिहिलं नाही, कारण काय करावं ते मी सांगितलं असतं आणि तू ऐकलं असतंस. ते तुझं तुलाच ठरवायला हवं होतं.

काल तू बोललीस. आवाज इतका कापत होता, की मागच्या रांगेतून म्हातारा निल्सन ओरडला, जरा मोठ्याने, पोरी. मग तू मोठ्याने बोललीस. पर्सेलने दोनदा अडवलं, तू थांबली नाहीस. रीनाच्या नवऱ्याने टोपी काढून हातात धरली होती. तो चर्चमध्येसुद्धा टोपी काढत नाही.

तरी हात वर गेलेच. विरोधात दोनच. शाळा गेली.

आणि तू माझ्याकडे न येता तडक गाडीत बसलीस. मी मागे आले, पण हिमाचा चिखल, आणि हे गुडघे. तुझे दिवे वळणावर दिसेनासे झाले. रीना शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, हिची आता डॉक्टरकीही गेली ना?

रविवारी जेवायला ये. काही बोलायला नको, नुसती ये.
तुझी ताई


ब्रेंडल
५ सप्टेंबर

प्रिय मारितताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नव्या नोकरीतलं, बिलिंग्सच्या वृद्धाश्रमातलं स्वयंपाकघर मोठं आहे, पण खाणारे तक्रारखोर आहेत, हे वाचून हसू आलं. टोर्सनेसच्या पोरांनी तुला लाडावून ठेवलं होतं.

माझं म्हणशील तर शाळेचा करार संपला, पुढचा झाला नाही. दुपारी धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसते. नवे अधीक्षक बाहेरून आलेत, माणूस सभ्य आहे, पण त्याचं सामान अजून खोक्यांतच दिसतं. डॉक्टर बेट्स म्हणतात, मंडळाची कागदपत्रं बाजूला ठेव आणि थेट आईबापांची संमती घेऊन नव्याने सुरुवात कर. एक वर्ष, कदाचित दोन. मी त्यांना अजून काही कळवलं नाही. लॅपटॉप उघडते आणि तसाच मिटते.

आपली टोर्सनेसची मुलं पहिल्या दिवशी कशी गेली, असं तू विचारलंस. बसच्या लांबच्या फेरीवर एखादं मोठं माणूस हवं, असा पालकांनी हट्ट धरला होता. बिनपगारी म्हणून कुणी पुढे आलं नाही. मी गेले.

टोर्सनेसहून अंधारातच निघालो. थोडा वेळ गडबड, गाणी. मग एकेक मान कलली. खडीचा रस्ता लागला तेव्हा माझ्याशेजारची बालवर्गातली एक मुलगी ताठ बसून खिडकीबाहेर बघू लागली. मी विचारलं, काय गं. तिने मान हलवली. थोड्या वेळाने मला सीट ओली लागली. मी ड्रायव्हरला थांबायला सांगणार, तोच तिने माझी बाही पकडली आणि कानात म्हणाली, की कुणाला सांगू नको. मी शब्द दिला. तिचं नाव तुलाही सांगत नाही.

माझा स्वेटर तिच्या कमरेला बांधला. हात धरून ब्रेंडलच्या शाळेच्या दारापर्यंत नेलं. मनात होतं, आत नर्सकडे न्यावं, कोरडे कपडे शोधावेत, ते कुठल्या कपाटात असतात ते मला ठाऊक आहे. पण दारात पेग उभी होती, माझीच जुनी कारकून. डोळे खाली घालून म्हणाली, की बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय आत सोडता येत नाही. तो नियम मीच केलेला. निदान पेगच्या कानात सांगावं म्हणून मी वाकले. त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तशीच सरळ झाले.

घंटा झाली. तिने माझा हात सोडला, स्वेटरची गाठ दोन्ही मुठींत घट्ट धरली आणि त्या लांबलचक व्हरांड्यातून एकटी चालत गेली. वर्ग कोणता ते तिला माहीत नव्हतं. प्रत्येक दारापाशी थांबून आत बघत होती. मी काचेबाहेर उभी होते.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. डॉक्टर बेट्सना कळवलं, की मी पुन्हा सुरुवात करते. बसमधलं हे मात्र नव्या प्रबंधात कधी येणार नाही.

उद्या पुन्हा बस आहे. माझ्यावर जीव आहेच तुझा, तो असू दे.
तुझी,
सोल्वेग