तक्रार मागे घ्यायची नाही

बुधवार, शुगर लँड

संध्याकाळी ती सायकॉलॉजिस्ट बाई लाडवांचा डबा घेऊन दारात. लाज नाही! माझ्या नातीने, सईने हिला विश्वासाने सांगितलेलं हिने हळदीकुंकवात चार बायकांना सांगितलं. तेव्हापासून पोर जेवायलाही खाली येत नाही.

इथे अमेरिकेत या लोकांना लायसन देणारं आणि काढून घेणारं राज्याचं बोर्ड असतं. सईच्या मागे लागून मीच तिथे तक्रार करायला लावली. पेशंट ती, म्हणून सही तिची. बोर्डाचं पत्र काल हिला पोचलं, म्हणून आज लाडू.

"मावशी, आपल्यातलीच गोष्ट आहे. सईला विथड्रॉ करायला सांगा ना," म्हणत पाया पडली. सून डबा घ्यायला पुढे! तिला म्हटलं, हात लावू नकोस.

"ऊठ बाई. लायसन मी दिलेलं नाही."

फार लागेल असं बोलले का? छे, कमीच बोलले.

तेवढ्यात सई जिन्यावरून उतरली. "आय ॲम नॉट विथड्रॉइंग," म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली. बाई डब्यासकट गेली.

सुनावणी झाली तर मी पुढच्या रांगेत बसणार. इंग्रजी कळलं नाही तरी हिचं तोंड बघता येईल.