डोळे आले

३ ऑगस्ट १९८४
नोकरी मिळाली! अंधेरीत, विद्याधरच्या फोटो स्टुडिओत. ज्यांचा जिवंतपणी एकही फोटो निघाला नाही, त्यांचा मेल्यावर तो घरी जाऊन काढतो. त्या फोटोतल्या मिटल्या पापण्यांवर मी ब्रशने उघडे डोळे रंगवायचे. अर्धा फोटो तुझा, अर्धा माझा, म्हणाला. सावंतवाडीला गणपतीच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडेच असायची. हात बसलेला आहे.

६ ऑगस्ट
पहिलं काम मालाडच्या धोंडिरामच्या आईचं. सुंदराबाईंची नजर कशी होती कोण जाणे, म्हणून आरसा समोर ठेवून माझेच डोळे उतरवले. धोंडिराम फोटो बघून रडला. ताई, आईचे डोळे आले, म्हणाला. विद्याधरने त्याला दटावलं, की बाबा, साथ चालू आहे, असं भलतं बोलू नको. तिघेही हसलो.

११ ऑगस्ट
धोंडिराम फोटो घेऊन आला. आई काचेत गुदमरते, म्हणून काच काढलेली. दोन्ही डोळ्यांतून पिवळट घाण ओघळून सुकली होती. विद्याधर म्हणाला, दमट हवा. मी कापसाने पुसलं, तर बोटांना तार सुटली. नासक्या दुधाचा वास. धोंडिराम लाजत म्हणाला, रोज सकाळी मीच साफ करतो. लहानपणी त्याच्या डोळ्यात कचरा गेला की आई जिभेने काढायची.
मला डबा खाववला नाही.

१२ ऑगस्ट
सकाळी पापण्या चिकटलेल्या. शुभामावशी म्हणाली, डोळे आले तुझे, घरी बस.

१४ ऑगस्ट
डोळे मिटले की मालाडची खोली दिसते. उंचावरून, भिंतीवरून. स्टोव्ह, मोरी. धोंडिराम मिश्री लावतोय. मग तो स्टुलावर चढला, तोंड जवळ आणलं. काळपट, ओली जीभ—
उजव्या डोळ्यावर गरम लागली. ओकले.

१६ ऑगस्ट
रोज. आता पापण्या उघडतच नाहीत. अंदाजाने लिहितेय. गालावर मिश्रीचा वास, कितीही धुतला तरी—
विद्याधर बघायला आला. सगळं सांगितलं. तो हसला नाही. आत्ताच जातो, म्हणाला, डोळे खरवडून टाकतो. मी म्हटलं, टाक बाबा, लवकर.

दुपार
दिसतोय. विद्याधर मालाडच्या दारात. धोंडिराम नको नको म्हणतोय, हात धरतोय. विद्याधरने फोटो उतरवला. आता छत दिसतंय— त्याच्या मांडीवर— खिशातून ब्लेड काढलं, त्याचा कागद सोडवला—
थंड. पापणीवर काहीतरी थंड—
विद्याधर, थांब. मी सांगितलं ते चुकलं रे, ते डोळे तिचे नाहीत, ते मा—