हिंगणदरीच्या अकरा एकरांची मिरास

मी, सिद्धाराम मल्लाप्पा कोरे, वय वर्षे चव्वेचाळीस, धंदा मास्तरकी, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. येत्या पंधरवड्यात माझ्या पोटावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टरांनी तीनदा सांगितले, म्हणून लिहायला बसलो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी राजाबाई समोर ज्वारी निवडत बसली आहे, ते दडपण धरलेले नाही.

कलम १. भवानी पेठेतले राहते घर, भांडीकुंडी आणि पोस्टातली शिल्लक राजाबाईची. माझे चुलतबंधू आण्णा "बाईमाणसाला घर कशाला" असे म्हणतील. त्यांनी ते तिच्यासमोर म्हणावे, एवढीच अट.

कलम २. माझ्या रोजनिशीच्या एकोणीस वह्याही तिच्याकडे राहाव्यात. आण्णांचा उल्लेख बराच आहे. त्यांना वाचायच्या असल्यास ओट्यावर बसून, मोठ्याने वाचाव्यात.

कलम ३. काळी छत्री आण्णांना द्यावी. ती त्यांचीच, असे ते चार वर्षे म्हणत आहेत. मी नाकारत आलो. वह्या चाळल्यावर दिसते की लग्नघरातून निघताना मी छत्रीकडे न पाहता हात घातला होता. न पाहता का घातला, याचे उत्तर मला देता येत नाही.

कलम ४. मौजे हिंगणदरी, तालुका सोलापूर, येथील अकरा एकर जिराईत. आमची वाटणी होऊन नऊ वर्षे झाली; ही जमीन माझ्या एकट्याच्या नावे आहे. ती मी मायाप्पा धनगर यास देतो. तो ती आमचा वाटेकरी म्हणून कसतो.

कारण लिहिणे भाग आहे. आमचे घराणे स्वतःला मिरासदार म्हणवते. आण्णांच्या दुकानावर तशी पितळी पाटी आहे. गावच्या लग्नात पहिला विडा आम्हाला मिळतो आणि मायाप्पा जोड्यांजवळ बसतो, कारण तो उपरी. या शब्दांचा अर्थ मी शाळेत इतिहास म्हणून शिकवतो. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा; तो उठून गेला की त्याचा संबंध संपला. मिरासदाराचा हक्क पिढीजात. तो दुष्काळात परागंदा झाला तरी हक्क मागे राहतो, आणि तो किंवा त्याचा नातू परत आला की जमीन त्याला मोकळी करून द्यायची. आज सरकारदरबारी दोन्ही शब्द मेले आहेत, फक्त खातेदार उरला आहे. गावात मात्र ते विड्यापुरते जिवंत आहेत.

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या दप्तरात मोडीतले मिरासपत्र सापडले. त्यावर नाव मायाप्पाच्या आजाचे, सिद्धाप्पाचे, आणि नावापुढे त्याची निशाणी, नांगर. सोबत आजोबांच्या हातची चिठी: सिद्धाप्पा मेंढरे जगवायला मुलूख सोडून गेला, तो येईतो रान मी वाहावे असे ठरले. ते अठराशे शहात्तरच्या दुष्काळाचे साल. पुढे मोजणीदार आला, रान कोण वाहतो असे त्याने विचारले, आणि आजोबांनी खरे तेच सांगितले. नाव लागले. सिद्धाप्पा परतला तेव्हा आजोबांनी त्याला उपरी ठरवून त्याच्याच रानात वाटेकरी ठेवले. म्हणजे उपरी आम्हीच.

हे कळून दोन वर्षे मी गप्प होतो. त्या दोन्ही सालची ज्वारी खाल्ली. वहीत पश्चात्ताप लिहिला, तोही भाकरी खाऊन.

इथवर लिहून मायाप्पाला बोलावले आणि सगळे वाचून दाखवले. त्याचे डोळे भरून येतील, असे मला वाटले होते. वाटायला नको होते.

तो म्हणाला, "मास्तर, तुमी मेल्यावर देणार व्हय?"

मी म्हटले, मृत्युपत्र तसेच असते.

"मग मी काय तुमच्या मरायची वाट बगू? तुमी दवाखान्यातनं उठला न्हाय तर आण्णा मला कोर्टात वडणार. उठला तर मी हायेच वाटेकरी. दोनी वंगाळच की."

मी कायदा सांगू लागलो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आन् आमचं रान आमाला दान कसं देता? तुमी नुसतं उठा की त्यातनं."

राजाबाईने सूप खाली ठेवले आणि मला विचारले, पुढच्या साली आम्ही खायचे काय. मी मायाप्पाकडे पाहिले. "वैनी, इकत घ्या की," तो म्हणाला, "भाव लई धरनार न्हाय." ती हसली नाही. मग सुपातला एक खडा माझ्या वहीवर ठेवून मला म्हणाली, "दोन वर्सं मलापन सांगितलं न्हाय. आता उटा."

सबब कलम ४ रद्द. जे आपले नाही ते देतो म्हणणे ही मालकीच सांगणे झाले, आणि मेल्यावर देतो म्हणणे हा भित्रेपणा. सोमवारी मामलेदार कचेरीत मी जमीन सोडल्याचा राजीनामा देईन आणि मायाप्पा ती आपल्या नावे घेतल्याची कबुलायत लिहून देईल. शस्त्रक्रिया त्यानंतर. डॉक्टरांना थांबायला सांगितले आहे.

कलम ५. मिरासदार हा किताब, जमीन वगळून, मी आण्णांना देतो. जुन्या वहिवाटीप्रमाणे त्याबरोबर गावची कामेही येतात: चावडीची डागडुजी, आल्यागेल्याला जेवण, देवळाच्या दिव्याला तेल. हिंगणदरीकरांनी ही कामे त्यांच्याकडून प्रेमाने करून घ्यावीत. मायाप्पा विडा मागणार नाही, असे तो म्हणतो. मला तशी खात्री वाटत नाही, आणि वाटू नये असेही वाटते.

वरील मजकूर वाचून, कलम ४ वर काट मारून, तिच्याशेजारी सही करून, खाली पुन्हा सही करतो.

ठिकाण सोलापूर, शनिवार, ता. ११ फेब्रुवारी १९२८.

सिद्धाराम मल्लाप्पा कोरे

साक्षीदार:

१. गुरप्पा बसप्पा हत्तुरे, शेजारी, दस्तुरखुद्द.

२. मायाप्पा बिन भिवा धनगर. या लेखाने त्याला काहीच मिळत नसल्यामुळे त्याच्या साक्षीला हरकत उरली नाही. मी अंगठ्यासाठी शाई पुढे केली. ती बाजूला सारून त्याने माझा टाक घेतला आणि सावकाश, कागदाचा बराच भाग अडवून, नांगर काढला.

निशाणी नांगर.