सर्वानुमते निवडलेलं गाणं

ओल्ड एअरपोर्ट वस्ती, दोहा
शनिवार, दुपारचं जेवण अंगावर आलेलं असताना

तीर्थरूप बालाजीमामा यांना,

भाचा सदानंद याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. काल इथल्या मराठी मंडळाच्या दोनशे खुर्च्या उचलल्यापासून कंबर सरळ होत नाही. मंडळात सचिव म्हणजे खुर्चीवर बसणारा नव्हे, खुर्च्या उचलणारा, हे मला निवडून आल्यावर कळलं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा रक्तदाब, तुमची साखर आणि शेजाऱ्यांचा कुत्रा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे उल्का बरी आहे. अंतरा दहावीत आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते, त्यामुळे घरात वाद झाला की दोन देशांची बोलणी फिसकटल्यासारखं वाटतं. तुम्ही फोन उचलत नाही, आणि ज्याला काही सांगायचंय त्याने कागदावर सांगावं असा तुमचा हुकूम, म्हणून हे पत्र पुण्याला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती, खजुराच्या डब्यासोबत पाठवतो आहे. डबा मामींना द्या, पत्र तुम्ही वाचा. तुमची साखर पाहता याच्या उलट होऊ देऊ नका.

तर मामा, सांगायचं असं की कतार देशाने पुण्याला होणाऱ्या जागतिक मराठी गीत स्पर्धेसाठी आपलं गाणं निवडलं. (कतार देशाला याची कल्पना नाही. पण आमचे अध्यक्ष चेतनराव गेला महिनाभर ‘कतारची निवड’, ‘कतारचा निर्णय’ असंच बोलतात, आणि आता आम्हालाही तशी सवय लागली आहे.) स्पर्धेचा नियम साधा आहे. एका देशाचं एकच गाणं. गाणं नवं हवं, मराठी हवं, चार मिनिटांत संपलं पाहिजे आणि रंगमंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. ज्यांचं गाणं निवडलं जाईल त्यांना पुण्याचं जाऊन-येऊन तिकीट संयोजकांकडून. बहारीनने एका रविवारी चहा पिता पिता आपलं गाणं निवडून मोकळं केलं म्हणतात. ओमानने चिठ्ठी टाकली. आम्ही उपसमिती नेमली.

उपसमितीने गुणतक्ता केला. सूर आणि ताल वीस गुण, शब्द दहा, पोशाख आणि सादरीकरण तीस, सांस्कृतिक मूल्य पंचवीस, आणि मंडळाशी जुनी बांधिलकी पंधरा. गाण्याच्या स्पर्धेत गाण्याला शंभरात वीस गुण हे कमी वाटतात का, असं मी विचारून पाहिलं. त्यावर चेतनराव म्हणाले की सुराचं काय, तो देवाने दिलेला असतो, त्यात माणसाचं कर्तृत्व ते काय; पोशाखाला मेहनत लागते. बबीतावहिनी, म्हणजे चेतनरावांच्या सौभाग्यवती, त्याच आठवड्यात नऊवारी शिवून घेत होत्या, हा निव्वळ योगायोग.

आता यात धोंडीराम कुठून आला ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे आहे. धोंडीराम हा गंगाखेडकडचा, आमच्या इमारतीचे एसी दुरुस्त करणारा माणूस. राहतो अल रय्यानच्या पलीकडे, कंपनीच्या कॅम्पात. ऑगस्टात आमच्या बेडरूमचा एसी बंद पडला, तेव्हा हा गच्चीवर बाहेरचं युनिट उघडून बसला होता आणि काम करता करता गात होता. तो आवाज शाफ्टमधून खाली आमच्या स्वयंपाकघरात आला. उल्का हातातलं लाटणं घेऊन तशीच गच्चीवर गेली. (ती एवढ्या तातडीने माझ्या हाकेला कधी आलेली मला आठवत नाही.) गाणं त्याने स्वतःच जुळवलेलं होतं. त्याचं धृपद असं:

तुझ्या घरी गार वारा, माझ्या डोई ऊन,
गच्चीवरून गातो मी, घे खिडकी लावून.

मामा, मला गाण्यातलं काही कळत नाही हे तुम्ही जाणताच, पण हे ऐकून मीही तिच्यामागे गच्चीवर गेलो. उल्काने त्याला तिथल्या तिथे सांगितलं की तू स्पर्धेत यायचंच. तो लाजला. म्हणाला, “बाई, गाणं हाय, पर ते एसीवर हाय. मंडळाला चालंल का?” मग त्याने खरी गोष्ट सांगितली. गावी जाऊन त्याला दोन वर्षं आठ महिने झाले. रजेची पाळी आली की कुठलं तरी तातडीचं काम निघतं आणि पाळी पुढे जाते. त्याचा मॅनेजर म्हणाला होता, मंडळाचं शिक्क्याचं पत्र आण की तू देशातर्फे गातोयस, तर दहा दिवस सोडतो. धोंडीरामने त्याच संध्याकाळी घरी बायकोला, केसरबाईला, फोनवर सांगून टाकलं की मी पुण्याला येतोय. केसरबाईने आळीभर सांगितलं, भावाला जीप ठरवायला लावली, आणि ती पुण्याच्या हॉलमध्ये कितव्या रांगेत बसायला मिळतं त्याची चौकशी करू लागली.

निवडीचा दिवस गेल्या महिन्यातला दुसरा शुक्रवार. शाळेचा हॉल, दुपारी तीन. सहा प्रवेशिका. बबीतावहिनींची लावणी झाली, तिच्यात त्यांनी घुंगरू इतके वाजवले की शब्दांना वाव उरला नाही. एका डॉक्टर जोडप्याने अभंग गायला, दोघांनी दोन पट्ट्यांत. पाइपलाइनवर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी गॅसच्या पाइपलाइनवर पोवाडा म्हटला, तो अजून पहिल्या व्हॉल्व्हपाशीच होता तेव्हा वेळ संपली. चेतनरावांनी स्वतः ‘मुक्तगान’ सादर केलं, म्हणजे भाषण केलं, पण मागे बासरी लावून. उल्का गायली, बरी गायली. (हे पत्र ती वाचणार नाही असं धरून लिहितो: बरी, म्हणजे बरीच.) सर्वांत शेवटी धोंडीराम आला. कंपनीची बस त्याला थेट ड्यूटीवरून सोडून गेली होती, त्यामुळे अंगावर निळा कव्हरऑल, खिशात टेस्टर. त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. हॉलमध्ये वडा खाणारी माणसं वडा हातात धरून थांबली. ध्वनियंत्रणा बघणारा अबूबकर केरळचा, त्याला मराठीचं अक्षर कळत नाही. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “साब, बस यही आदमी. बाकी सब खलास.”

गुण मोजले. पोशाखात धोंडीरामला शून्य. बांधिलकीत शून्य, कारण कॅम्पातल्या एकट्या माणसांना आमच्याकडे सभासदत्व नाही, फक्त ‘शुभेच्छुक’ म्हणून यायला मिळतं. (घटनेत ‘सभासद म्हणजे कुटुंब’ असं आहे. ज्यांची कुटुंबं तिकडे आणि ते इकडे, त्यांनी त्या व्याख्येत कुठे उभं राहायचं हे घटनेत नाही.) सांस्कृतिक मूल्यात तीन, कारण एसी आपल्या परंपरेत बसत नाही. एवढे गुण बुडून सुद्धा तो किती मागे पडावा? मामा, तो पडलाच नाही. सूर, शब्द, सादरीकरण असं सगळं धरून बाकीच्यांनी एकमेकांचे गुण इतके मनापासून कापले होते की धोंडीराम एका गुणाने पहिला आला. दुसरी उल्का.

आमच्या मंडळाची एक परंपरा आहे: प्रत्येक निर्णय सर्वानुमते. स्थापनेपासून एकाही ठरावाला विरोध झालेला नाही. (ज्यांना विरोध करायचा होता त्यांनी अल थुमामात दुसरं मंडळ काढलं, म्हणून उरलेल्यांचं एकमत टिकून आहे.) चेतनरावांनी घसा साफ केला आणि विचारलं की यजमान देशाच्या उन्हाबद्दल तक्रार करणारं गाणं पाठवणं आपल्याला शोभेल का. पोवाडेवाले म्हणाले, खिडकी लाव असं सांगणं हे नकारात्मक आहे. बबीतावहिनी म्हणाल्या की त्याचा आवाज चांगलाच आहे हो, पण कतारचा चेहरा म्हणून आपण काय दाखवतो हाही प्रश्न आहे. वातावरण तापलं असताना समितीतल्या एका अत्यंत समंजस गृहस्थाने तोडगा मांडला. कोणालाही डावलायला नको. सहा माणसांची मर्यादा आहे आणि आपले सभासद गायक नेमके सहा. तेव्हा प्रत्येकाने आपल्या गाण्याची एकेक ओळ द्यावी आणि त्यांचं मिळून एक ‘समन्वय गीत’ करावं. ठराव मंजूर झाला, टाळ्यांच्या गजरात. टाळ्या वाजवणाऱ्यांत धोंडीरामही होता, कारण त्याला वाटलं त्याचंच नाव जाहीर झालं.

समन्वय गीत आता असं आहे: आधी चेतनरावांची प्रस्तावना, मग घुंगरू, मग पाइपलाइन, मग अभंगाच्या दोन पट्ट्या मिळून दोन ओळी, आणि शेवटची ओळ उल्काची. उल्काने स्वतःची ओळ नको म्हटलं आणि धोंडीरामची मागून घेतली. समितीने ती दिली, पण सुधारून: ‘घे खिडकी लावून’च्या ऐवजी ‘घे मन उघडून’. ध्वनिमुद्रणाला अबूबकरने हात टेकले. सहाही जण सहा दिशांना जात होते. शेवटी त्याने धोंडीरामला बोलावून खालून सगळ्या ओळी त्याच्याकडून म्हणवून घेतल्या, म्हणजे बाकीच्यांना धरायला काही असेल. पुण्याला पोचलेल्या मुद्रणात जे काही गाणं म्हणून ऐकू येतं ते तो आहे. नावांच्या यादीत तो नाही.

काल सकाळी तो फिल्टर साफ करायला आला होता. रागावला नाही, रडला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, “साहेब, गाण्याचं जाऊ द्या. म्या माझ्या तिकिटानं जाईन, नुसतं ऐकाया बसंन. पर मॅनेजरला दाखवाया ते पत्र भेटलं असतं तं... केसर लई वाट पाहूलाली.” मंडळाचं लेटरहेड आणि शिक्का घरीच, माझ्या टेबलाच्या खणात असतात. मी म्हटलं, बघू, इन्शाल्ला. इथला भाविक माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा तो देवावर भरवसा ठेवत असतो. माझ्यासारखा उच्चारतो तेव्हा देवावर ढकलत असतो. मला माझी लाज वाटली, मामा, आणि मग मी खुर्च्या उचलायला गेलो.

असो. मामींना नमस्कार, कुत्र्यापासून जपून राहा.

तुमचा,
सदानंद

ता. क. संयोजन समितीच्या यादीत तुमचं नाव वाचून आनंद झाला. पत्राचं कारण म्हणाल तर एवढंच की तुम्ही तिकडून, तुमच्या शिक्क्याने, धोंडीरामला ‘विशेष निमंत्रित’ म्हणून दोन ओळींचं पत्र धाडावं. तुमचं पत्र आलं की इकडे कोणाचं मन दुखावणार नाही आणि मंडळाची परंपराही अबाधित राहील. माझं नाव कुठेही येऊ देऊ नका.

ता. ता. क. तो समंजस गृहस्थ मीच. चेतनराव मंडळाचे अध्यक्ष आहेत तसेच माझ्या खात्याचेही प्रमुख आहेत, आणि वार्षिक मूल्यमापन डिसेंबरात असतं. शिवाय उल्का दुसरी आली होती. पहिलाच गेला असता तर ती घरी राहिली असती आणि मलाही पथकाचा व्यवस्थापक म्हणून पुण्याला येता आलं नसतं. हे पत्र वाचून झाल्यावर फाडावं.

मामा, नमस्कार. उल्का लिहिते आहे. ह्यांनी पाकीट डिंकाने चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं; त्याला आता चार दिवस झाले. ‘बरी, म्हणजे बरीच’ याबद्दल आम्ही घरी बोलू. तुम्ही निमंत्रण धाडायची तसदी घेऊ नका. स्पर्धेचे नियम मंडळात कोणीच वाचले नव्हते, मी वाचले. गायकांपैकी एकाचं नाव पंधरा दिवस आधीपर्यंत बदलता येतं, सचिवाची सही लागते. अंतराच्या शाळेच्या सहलीचे कागद ह्यांच्यापुढे ठेवले त्यांत तो अर्ज होता आणि कंपनीला द्यायचं पत्रही होतं. ह्यांनी चष्मा न लावता तिन्हींवर सह्या केल्या, शिक्का मी मारला. सहाचे सहाच राहिले, म्हणजे परंपरा अबाधित आहे. धोंडीरामभाऊंची रजा मंजूर झाली. माझ्या जागी शेवटची ओळ ते म्हणतील, त्यांच्या मूळ शब्दांत, आणि ती किती वेळा म्हणायची यावर नियमात काही बंधन नाही. ह्यांना हे विमानतळावर कळेल. केसरबाई गंगाखेडहून येणार आहेत. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवा, आणि ह्यांना अगदी मागे बसवा.