एक नख

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून, लगेच हुरळून जाऊ नकोस. फोनवर तुला बोलून पाहिलं, पण मी तापले की तुझी रेंज जाते. कागदाची जात नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

इंजिन तू मन लावून खोललंस, हे मी नाकारत नाही. नव्या रिंगा, नवी गॅस्केटं, कार्बोरेटर तर इतका लखलखीत की त्यात तोंड बघावं. बाबांनी तरुणपणी जुनंच विकत घेतलेलं ते बोटीचं इंजिन तू निळा रंग देऊन नवरदेवासारखं नटवून आणलंस. धक्क्यावर बोटीच्या मागे बसवलंस, दोरी ओढलीस आणि ते सुरूही झालं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तू सांगितलंस, की चक्राखालच्या पॉइंटची फट बाबांच्याच मापाने ठेवली आहे, एक नख. ठिणगी त्या फटीवर अवलंबून असते आणि बाबांनी त्यासाठी दुसरं माप कधी वापरलं नाही, हे तुला आठवलं याचं मलाही तेव्हा कौतुक वाटलं होतं. खुर्चीत बसलेल्या बाबांनी डावा अंगठा वर केला. तू म्हणालास, "बघा, बाबांनी पास केलं." तुझ्या बायकोने फोटो काढला. तो म्हणे तुझ्या गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. काढून ठेव.

तुझी पाठ वळली आणि इंजिनचे नखरे सुरू झाले. वेगात जरा बरं चालायचं. वेग कमी केला की खोकायचं, अख्खी बोट थरथरायची आणि धक्का हातभर राहिला की बंद. तुला सांगितलं तर तू म्हणालास, पेट्रोल जुनं असेल. पेट्रोल बदललं. मग म्हणालास, प्लग. तेही बदलले. मग कार्बोरेटरात कचरा असेल म्हणालास, मी तो उघडून साफ केला. एकेका प्लगची वायर काढूनही पाहिली, दोनातला कुठला सिलिंडर कामचुकार आहे ते कळावं म्हणून. दोघे सारखेच कामचुकार निघाले. आपल्या घरात असं कधी झालं नव्हतं. शेवटी तुझं निदान झालं, की ताईलाच इंजिन हाताळता येत नसेल. मला! तू सायकलवरून पडून भोकाड पसरायचास तेव्हापासून मी ही बोट या काठावरून त्या काठाला नेते आहे.

मग ते भर पाण्यात बंद पडलं. बोटीत दवाखान्यातली नर्स होती आणि शाळेच्या बाई होत्या. नर्सने वल्हं उचललं, बाई डोळे मिटून बसल्या. आता दोघी पुलावरून बसने जातात, आणि त्यांचं पाहून बाकीचेही. मी रिकामी बोट बांधून बसले होते, तेवढ्यात तुझा फोन. "इंजिनचं वय झालंय, गिऱ्हाईक बघून ठेवलंय, बोटीसकट देऊन टाकू, तू माझ्याकडे राहायला ये, बाबांना चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू." म्हणजे आधी आपणच बिघडवायचं आणि मग बिघडलं म्हणून विकायचं. माझ्या पोटापाण्याच्या गळ्याला नख लावताना तुझा आवाज काय गोड लागला होता!

या सगळ्यात बाबा काय करत होते, सांगू? इंजिन खोकलं की खिडकीतून अंगठा वर करत होते. वाचा गेली, उजवी बाजू गेली, हलतो तो एवढा डावा हात. मला वाटलं, अजून लेकाचं कौतुकच चाललंय. एकदा तर मीच त्यांना चिडून म्हणाले, पुरे आता, तुमच्या लाडक्याने मला चांगलाच अंगठा दाखवलाय. त्यांनी डोळे मिटून घेतले. परवा मी त्यांची नखं कापायला बसले. बाकीची कापून झाली, पण डाव्या अंगठ्याला कात्री लावली तसा त्यांनी हात झटक्यात मागे घेतला. पुन्हा अंगठा वर केला, आणि या वेळी नख माझ्याकडे वळवलं.

बोटीखाली चेंगरून काळं पडलेलं ते नख तूही लहानपणापासून पाहिलं आहेस. पण ते किती जाड आहे, हे बघून कळत नाही, कापायला बसल्यावर कळतं. तू फट ठेवलीस ती तुझ्या पातळ नखाने. मोठ्या गॅरेजचा मेकॅनिक तू, मापाची पट्टी तुझ्या खिशात असते, पण तुला बाबांची आठवण काढून चारचौघांत मिरवायचं होतं. ते पास करत नव्हते रे. माप दाखवत होते.

मी त्यांना खुर्चीसकट धक्क्यावर नेलं. चक्र काढलं, पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत इंजिन फिरवलं, त्यांचा अंगठा धरून नखाची कड फटीत घातली आणि स्क्रू आवळला. मग दुसऱ्या पॉइंटचंही तसंच. हाताला ग्रीस लागलं, ते त्यांनी पुसू दिलं नाही. इंजिन आता हळू चालवलं तरी खोकत नाही. काल मी बोट घेऊन नर्सच्या काठावरच्या दारापुढून मुद्दाम सावकाश गेले.

तर हे पत्र अशासाठी. रविवारी तू गिऱ्हाईक घेऊन येणार होतास. गिऱ्हाईक आणू नकोस, बोट विकायची नाही. तू मात्र ये. बाबांचं ते नख मी अजून कापलेलं नाही. आजारपण आल्यापासून दर वेळी मीच कापते, आणि खरं सांगते, मी थकले आहे. नेलकटर आणू नकोस, त्या नखापुढे ते चालत नाही. पत्रा कापायची लहान कात्री आण. आधी गरम पाण्यात बराच वेळ भिजवावं लागतं, पाणी मी तापवून ठेवीन. तेवढा वेळ त्यांचा हात धरून बसावं लागतं. तो तू धर. मी बोटीवर असेन.

तुझीच, नाइलाजाने का होईना,
ताई